अडीच ते साडेतीन

एकतीस वर्षं मी बांधावरच्या दारांची राखण केली.
सील म्हणतात त्यांना आमच्या किनाऱ्यावर.
भरती चढली की दारं मिटायची,
ओहोटीला उघडून शेतांचं पाणी समुद्राला द्यायचं.
जास्त राहिलं तर गाईंचे खूर कुजतात,
जास्त सोडलं तर कालव्यातल्या होड्या गाळात बसतात.
काठीवरचा आकडा बघायचा, वहीत लिहायचा.
कुणी विचारलं काय करतोस, तर सांगायचो,
मधे ठेवतो.

मार्चमध्ये ब्रेमेनच्या सर्जनबाईंनी
माझ्या छातीत एक दार बसवलं.
रात्री ते वाजतं.
हिल्के म्हणते, एन्नो, कूस बदल,
तुझं घड्याळ माझ्या कानात आहे.

त्या दारावर रक्ताची साय धरू नये म्हणून गोळी.
गोळी भारी झाली तर रक्त थांबायचं विसरतं;
परवा दाढी करताना कापलं
आणि न्याहारी होईपर्यंत मी टॉवेल धरून उभा.
म्हणून मधे ठेवायचं. अडीच ते साडेतीन.
हसू नका, पण हे ऐकून मला नोकरीवर परतल्यासारखं वाटलं.

ऑरिशच्या दवाखान्यात दोन शनिवार शिकवणी.
आम्ही पाच जण, आणि नर्स फोल्कर्ट्स:
हात कोमट पाण्यात धुवा. खाली सोडून झुलवा.
बोटाच्या कडेला टोचा, शेंड्यावर नको.
पहिला थेंब लगेच पट्टीला.
आणि बोट पिळू नका, दूध काढायचं नाहीये.
बावीस वर्षांची झोन्तये सगळ्यात आधी जमली.
बेकरीवाला डिर्क, ज्यानं जन्मभर भट्टीत हात घातले,
त्या सुईपुढे डोळे मिटून बसला.

घरी पहिल्या सकाळी माझे तीन प्रयत्न वाया गेले.
एकदा थेंब लहान, एकदा उशीर,
एकदा मी पट्टीच उलटी घातली.
एकेका पट्टीची किंमत हिल्केला सांगितली नाही.
बोटं अशी गार, जशी जानेवारीतली साखळी.
मग केटलीभोवती हात धरून बसलो,
चहा तिनं ओतला, खडीसाखर तडकली,
आणि चौथ्यांदा थेंब आला,
गोल, न सांडता, स्वतःच्या वजनानं.
यंत्रानं विचार केला.
चार पूर्णांक चार.

डॉक्टरांना फोन. डॉक्टर थीसन सावकाश बोलतात,
मला वाटलं वाईट बातमी आहे.
नाकातून रक्त? नाही. डोकं आपटलं? नाही.
नवीन औषध? नाही. जेवणात काय बदललं?
हिरवं सोडलंय, मी म्हणालो, तीन आठवडे.
पुस्तिकेत लिहिलं होतं, पालेभाजी रक्तावर चालते.
हिवाळ्यात, आमच्या गावात,
जिथे लोक कुरळ्या केलच्या पातेल्यासाठी
गाडा ओढत, दारूचे पेले गळ्यात अडकवून
पाच मैल चालत जातात,
तिथे मी उकडलेले बटाटे खात घरी बसलो होतो.
आजारपणापेक्षा त्याचीच लाज जास्त.

पलीकडे डॉक्टर खोकले. हसले असावेत.
सोडा कुणी म्हटलं, हेर यान्सेन?
सारखी ठेवा म्हटलंय.
आज गोळी अर्धी, गुरुवारी पुन्हा मोजा,
आणि भाजी दर आठवड्याला तेवढीच.

हिल्केनं एक डाव ठरवला, दांडीला चिर गेलेला.
त्या डावानं एक. रविवारी. सॉसेजसकट.

आता वहीत दोन रकाने आहेत.
डावीकडे रक्त. उजवीकडे मी उगाच
बांधावर जाऊन पाण्याचा आकडा लिहून आणतो,
कारण दारं हल्ली एम्डेनहून बटणावर चालतात
आणि तिथे कुणाला हिवाळ्यातला वास येत नाही.

गुरुवारी सात वाजता फोन थरथरला. झोन्तये.
फक्त आकडा: दोन पूर्णांक सात.
खाली: तुमचा?

थांब, मी लिहिलं.
हात अजून गार आहेत.